साळुंखेबाईंची धास्ती

डॉक्टरकडे माणूस धीर घ्यायला जातो. आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर दवाखाना असलेल्या साळुंखे डॉक्टरबाईंकडे जाताना मात्र लोक थोडा धीर घरी राखून ठेवत, कारण बरोबर नेलेला सगळा त्या काढून घेत. त्या जनावरांच्या डॉक्टर. वसई तालुक्यातल्या तुळिंजच्या आमच्या गल्लीत एका बाजूला पिठाची गिरणी आणि दुसऱ्या बाजूला मोबाइल रिपेअरवाला, यांच्या मधल्या गाळ्यात बसत. कुत्रं घेऊन कुणी आत शिरलं की त्या खुर्चीतून अर्ध्या उठत आणि विचारत, "काय झालं? कधीपासून? आणि आत्ता सांगताय?" समोरच्याने अजून तोंडही उघडलेलं नसे. बऱ्याचदा तो बिचारा कुत्र्याची नखं कापून घ्यायला आलेला असे.

गल्लीत त्यांना 'धास्तीबाई' म्हणत. हे नाव आमच्या ह्यांनीच पाडलं असावं असा मला दाट संशय आहे. हे वालीवच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत आणि दिवसभर मशीनच्या आवाजात गप्प बसावं लागतं, त्याचा वचपा घरी आल्यावर काढतात. आम्ही पहिल्या मजल्यावर, म्हणजे बरोबर बाईंच्या डोक्यावर राहतो. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे मे महिन्याच्या दुपारी बिल्डिंगमध्ये सापडणारी धडधाकट बाई मी जवळजवळ एकटीच. शिवाय मला कुत्र्यांची भीती वाटते. कुत्रा रस्त्याच्या या बाजूला असला तर मी त्या बाजूला असते. असल्या बाईच्या नशिबी त्यांची बिनपगारी मदतनीस होणं लिहिलेलं होतं, याला काय म्हणावं!

बाई उंच, काटकुळ्या. सुती साडीवर पांढरा कोट, कोटाच्या खिशात थर्मामीटर, काखेत छत्री. चालता चालता मध्येच वाकून हाताची मागची बाजू डांबरावर टेकवून बघायची सवय होती त्यांना. तुळिंजच्या बाजारातल्या गर्दीत अशी अचानक वाकलेली बाई पाहून मागचा माणूस हमखास धडकायचा. "पाय ठेवून बघा की चप्पल काढून," त्या त्यालाच सुनवत. "कुत्र्यांना कुणी चपला दिल्यात का?" उभ्या गाड्यांच्या काचेला डोळे लावून आत कुत्रं आहे का हेही त्या बघत. त्यावरून एकदा एका गाडीमालकाने त्यांना चोरच समजून आरडाओरडा केला होता.

रोज सकाळी शटर वर गेलं की त्यांचं पहिलं काम म्हणजे एक नॅपकिन ओला करायचा, पिळायचा आणि दाराशी बांधलेल्या दोरीवर टाकायचा. मला आधी वाटलं, स्वच्छतेची आवड असेल. मग लक्षात आलं, की तो नॅपकिन कधीच कशाला वापरला जात नाही. मधूनमधून बाहेर येऊन बाई त्याचं टोक चिमटीत धरून बघत आणि तोंड वाईट करून आत जात. शेवटी न राहवून मी गॅलरीतून विचारलंच.

"परबबाई, तुमचे कपडे वाळायलेत का आज?" त्यांनी उलट मलाच विचारलं.

"कुठले वाळताहेत! कालपासून दमटच आहेत."

"मग? कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. त्याचं सगळं जिभेवर. धापा टाकायच्या, जिभेवरचं पाणी वाळवायचं, की अंग गार. इथं माझा नॅपकिन वाळंना झालाय, त्याची जीभ कुठनं वाळणार?"

त्या मूळच्या मिरजेच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आल्या, नवरा गेल्यावर इथेच राहिल्या. बोलण्यात मात्र मिरज जशीच्या तशी होती. टीव्हीवर विदर्भातलं तापमान सांगायला लागले की गल्लीतले लोक समाधानाने म्हणत, आपल्याकडे त्या मानाने बरं आहे. बाईंचा जीव नेमका तेव्हाच खालीवर व्हायचा. नॅपकिन दुपारपर्यंत ओला राहिला की त्या फोन घेऊन बसत. "डॉक्टर साळुंखे बोलते. कुत्रं कुठाय? गॅलरीत? गॅलरीला वर पत्रा आहे का प्लास्टिक? आत घ्या. आत्ता. मी थांबते." पलीकडचा माणूस अंधेरीत किंवा चर्चगेटला ऑफिसात बसलेला असायचा. तो म्हणायचा, मॅडम, मी मीटिंगमध्ये आहे. "मग घरी कोण आहे? त्यांचा नंबर द्या," बाई म्हणायच्या. अशाने गिऱ्हाईक टिकत नाही हे मला गणिताच्या बाईला दिसत होतं. त्यांनाही दिसत असणार.

आलेलं कुत्रं तपासायची त्यांची रीत ठरलेली होती. मालक म्हणायचा, "नाक ओलं आहे, म्हणजे ठीकच असेल ना?" की बाई उसळायच्या. "नाकावर काय जाताय? स्थळ बघायला आलाय का?" मग अंगठ्याने कुत्र्याचा ओठ वर करून हिरडी बघायच्या. बघून बघून मलाही ते पाठ झालं. चांगल्या कुत्र्याची हिरडी जांबासारखी फिकट गुलाबी असते. ऊन लागलं की आधी ती विटेसारखी लाल होते, बोटाला चिकट लागते. मग हातातून जायला लागलं की पांढरी पडते, नाहीतर काळपट. हिरडीवर बोट दाबून सोडायचं आणि रंग किती लवकर परततो ते बघायचं. लाळ पाण्यासारखी आहे की दोरीसारखी लोंबतेय ते बघायचं. चालवून बघायचं, झोकांड्या जात असतील, हाक मारूनही मालकाकडे बघत नसेल, तर पुढचं बोलणं पाण्याच्या नळाखाली. आणि अर्थात थर्मामीटर. माझ्याशी गप्पा मारतानाही त्यांची नजर माझ्या दातांवर असे. एका दुपारी बोलता बोलता थांबून म्हणाल्या, "पाणी कमी पिताय तुम्ही," आणि मला समोर बसवून ताक पाजलं.

पण या सगळ्याहून लोकांना राग यायचा तो त्यांच्या चौकशीचा. "उजाडल्यापासून सांगा," असं म्हणून त्या बसत. कुत्रं कुठे झोपलं होतं, मग कुठे गेलं, तिथे वारा होता का, पाण्याचं भांडं होतं का, ते उपडं कधी झालं. मालक चिडायचा; पोलीस चौकीतसुद्धा एवढं विचारत नाहीत म्हणायचा. "सगळे म्हणतात सावलीत बांधलं होतं," बाई मला नंतर सांगायच्या. "खोटं नाही बोलत कुणी. बांधलं तेव्हा सावली असतेच. सावली सरकते, परबबाई. साखळी सरकत नाही." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय, की आमच्या ह्यांनी त्याची नक्कल बसवली होती.

मागच्या गल्लीतल्या सावंतांचा पग हे या धास्तीचं एक प्रकरण. पग म्हणजे ते चपट्या नाकाचं, कायम सर्दी झाल्यासारखं वाटणारं कुत्रं. लिफ्ट बंद म्हणून सावंत त्याला जिन्याने चढवून घरी घेऊन गेले, तो धापा टाकायला लागला, तर घाबरून त्यांनी ऊन लागल्यावर आपल्याकडे करतात तेच केलं. कांदा ठेचून त्याच्या डोक्यावर थापला, आणि उरलेल्याचा रस चमच्याने पाजला. मग त्या वासासकट त्याला दवाखान्यात आणलं. बाईंनी पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "डोक्यावरचा कांदा बाहेर तरी राहिला हो! पोटातला आता कुठनं काढू? कुत्र्याच्या रक्ताला विष असतं ते!" पगचं अंग फार तापलेलं नव्हतं, हिरडी गुलाबी होती. तरी बाईंनी त्याला ओकारी करवली, दिवसभर ठेवून घेतलं आणि दर थोड्या वेळाने त्याचा ओठ वर करून पाहिलं. तो संध्याकाळी शेपटी हलवत घरी गेला. सावंत मात्र बिथरले. बाईंनी आपल्या बायकोला रडवलं म्हणाले, आणि तेव्हापासून स्टेशनजवळच्या दुसऱ्या डॉक्टरकडे जायला लागले, जो हसून बोलतो. मी हे बाईंच्या कानावर घातलं. "बोलू दे," त्या म्हणाल्या. "मला हसून बोलायला जमत नाही. तेवढ्यात काहीतरी सुटेल असं वाटतं."

काय सुटलं होतं ते मला एका दुपारी कळलं. लाइट गेलेली, दवाखान्यात कुणी नाही, मी कोकम सरबत घेऊन खाली गेले होते. बाई नॅपकिनकडे बघत बसल्या होत्या. त्यांनी आपणहून सुरुवात केली.

"इथं नवी होते. मे संपत आलेला, आभाळ भरून आलेलं, वारा नाही. एक मोठं कुत्रं आणलं. रॅम्बो नाव. धापा टाकायलेलं, अंग तापलेलं, हिरड्या लाल. कानामागं गोचीड सापडली. मी म्हटलं, गोचिडताप. मालक बिचारा म्हणाला, मॅडम, याला दुपारी मैदानात पळवून आणलंय, ऊन तर लागलं नसेल? मी म्हटलं, अहो, ऊन आहे कुठं? आमच्या मिरजेला या, मग दाखवते ऊन म्हणजे काय ते. इंजेक्शन दिलं नि घरी पाठवलं. संध्याकाळी गेलं."

मी सरबताचा पेला त्यांच्यापुढे केला.

"आणि हे सांगताना माझ्या कोपरावरनं घाम ठिबकत होता, परबबाई. मी स्वतः घामानं निथळायलेली, आणि कुत्र्याला ऊन नाही म्हणते!"

"चूक होते माणसाची," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"माणसाची होते. जातं कुत्रं," त्या म्हणाल्या आणि सरबताचा पेला तसाच हातात धरून बसल्या. मला त्या दिवशी त्यांची फार दया आली. नंतर ह्यांनी नक्कल केली तेव्हा मी हसले नाही.

गेल्या वर्षीचा उन्हाळा त्यांचा तुळिंजमधला शेवटचा. रक्तदाब वाढला होता, मुलगा मिरजेला बोलावत होता. गाळ्याला नवा भाडेकरूही मिळाला होता. "एवढा उन्हाळा काढते," त्या सगळ्यांना सांगत. "या उन्हाळ्यात माझ्या हातून एक पण असं जाऊ द्यायचं नाही. मग शटर ओढते." त्यांनी हे मनाशी इतकं पक्कं केलं होतं, की मे महिना जसजसा सुखरूप सरत गेला तसतशी त्यांची तगमग वाढतच गेली. जेवण कमी झालं. गल्लीत कुत्रं भुंकलं तरी त्या बाहेर येत आणि भुंकायचं थांबलं तरी बाहेर येत. मीसुद्धा सकाळी उठल्याबरोबर खाली वाकून नॅपकिन बघायला लागले. धास्ती लागते म्हणतात ते खोटं नाही.

महिना संपायला आठवडा राहिला असेल. सकाळपासून लाइट नव्हती. दुपारी एक भाजीचा टेम्पो गल्लीत उलटा शिरला आणि दवाखान्यासमोर थांबला. टेम्पो नरेशचा. वसईजवळच्या होळी गावात त्याची वाडी आहे, तुळिंजच्या बाजारात तो रोज भाजी आणतो. मीही त्याच्याकडूनच घेते. त्याच्या शेजारी बायको भारती, आणि मागे रिकाम्या करंड्यांच्या मध्ये ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी.

"डॉक्टरीनबाय, जनावर चावला याला!" नरेश ओरडतच उतरला. वाडीतले लोक सापाला जनावर म्हणतात. "आमचा बंड्या! झाडाखाली पडला होता, तोंडातना फेस. परवाच इहिरीवर जनावर दिसला होता. गावातला डॉक्टर बंद हाय, म्हनून तुमच्याकडे आनला."

"गोणपाट कशाला?"

"पानी मारला आनि ओली गोनी घातली. भाजीला घालतो तशी. गार राहील म्हनून."

बाईंनी गोणपाट ओढून काढलं. मी गॅलरीतून खाली आले होते. आतून वाफ निघाली ती माझ्या तोंडापर्यंत आली. "भाजीला आतनं ऊब नसते हो," बाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज चढला नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली. बंड्या तांबूस रंगाचा, दणकट गावठी कुत्रा. डोळे अर्धे उघडे होते, पण ते कुणालाच बघत नव्हते. आम्ही त्याला उचलून टेबलावर ठेवलं. आम्ही म्हणजे मीसुद्धा. मागचे दोन पाय मी धरले होते हे मला घरी गेल्यावर आठवलं.

बाईंनी थर्मामीटर लावला, बघितला, पुन्हा लावला. "ताप आहे, पण ऊन लागल्याएवढा नाही," त्या पुटपुटल्या. "वाटेत पाणी मारलं, टेम्पोचा वारा लागला. त्यानं उतरला असेल. नाहीतर..." त्यांनी ओठ वर केला. हिरडी काळपट लाल होती आणि पोटावरच्या कातडीवर सुईने टोचल्यासारखे लाल ठिपके आले होते. मागून रक्तही गेलं होतं. मला वाटलं आता त्या ऊन म्हणतील, पाणी म्हणतील. पण त्या तशाच उभ्या राहिल्या. ओठ सोडला, पुन्हा वर केला.

"ऊनच ना?" मी हळूच विचारलं.

"घोणस चावली तरी असंच रक्त येतं," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "मला तर आता जळीस्थळी ऊनच दिसतंय, परबबाई. तेवढ्यापायी सापाला ऊन म्हणाले, तर? तेव्हा उलटं केलं होतं. आता हे."

दोन्हीकडून बाईंची कोंडी झाली होती. भारती दाराशी उभी राहून पदर तोंडात धरून रडत होती, नरेश "बाय, सुई मारा ना" म्हणत होता. बाईंनी मला कोपऱ्यातल्या नळाला बादली लावायला सांगितलं आणि बंड्याच्या अंगावरून हात फिरवायला सुरुवात केली. नाकाडापासून शेपटीपर्यंत, प्रत्येक पाय, प्रत्येक बोट. कुठे सूज आहे का, कुठे दोन दात रुतलेत का. आणि हात फिरवता फिरवता विचारत होत्या, "उजाडल्यापासून सांगा."

"सकाली व्यापारी येनार होते वाडीत," नरेश म्हणाला. "हा अंगावर जातो लोकांच्या. म्हनून हिनं आंब्याला बांधला. सावलीत हां, बाय! चांगली गार सावली."

"आंब्याच्या कुठल्या अंगाला?"

"दर्याच्या अंगाला."

दर्या पश्चिमेला. सकाळी झाडाची सावली तिकडेच पडणार आणि दुपार कलली की उन्हं तिथेच येणार. हे मला वर्गात फळ्यावर काढून दाखवता आलं असतं. बाईंनी मान वर केली नाही. त्या बंड्याचा पुढचा पंजा हातात धरून बघत होत्या. मग दुसरा बघितला. मग गळ्यातला पट्टा सैल करून सरकवला. पट्ट्याखाली एका बाजूचे केस घासून गेले होते आणि कातडी सोलवटली होती.

"नखांत माती आहे," त्या म्हणाल्या. "खालची, ओली. यानं खड्डा खणलाय. अंग टेकायला गारवा शोधायलेला. आणि हे बघा, सावली जिकडं गेली तिकडं ओढलंय त्यानं साखळीला. साप चावलेलं कुत्रं असलं काही करत बसत नाही." त्यांचे हात थांबले होते. "ऊन लागलंय याला. परबबाई, पाणी. बर्फ नको, नळाचं. आणि वारा घाला काहीतरी!"

मग मी काय काय केलं ते मलाच नीट सांगता येणार नाही. लाइट नव्हती म्हणून पंखा नव्हता. मी वरून शाळेचा मोठा पुठ्ठा आणला आणि हात भरून येईपर्यंत वारा घातला. नरेश बादल्या ओतत होता. बाईंनी सलाइन लावलं, काय काय सुया दिल्या, आणि मधूनमधून थर्मामीटर लावून "आता बस, जास्त गार करायचं नाही" म्हणून पाणी थांबवलं. संध्याकाळी बंड्याने मान उचलली आणि नरेशचा हात चाटला. नरेशने टाळीच वाजवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. "लगेच नाचू नका," त्या म्हणाल्या. "आतलं काय काय भाजलंय ते उद्या-परवा कळतं. लघवी होऊ दे आधी."

लघवी झाली नाही. दुसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त यायला लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी नरेश आणि भारती डबा घेऊन आले, तेव्हा बंड्या नुकताच गेला होता. बाईंनी त्याच्या अंगावर स्वच्छ चादर घातली होती आणि स्टुलावर बसून होत्या. बरोबर ओळखलं होतं, आणि तरी तो गेला होता. हे असं होऊ शकतं याची त्यांनी इतक्या वर्षांत तयारीच केली नव्हती, असं मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघून वाटलं.

भारती बराच वेळ चादरीवर हात ठेवून उभी होती. मग म्हणाली, "बाय, जनावरच चावला असल ना? कुठंतरी बारीक. दिसला नसल तुमाला."

साखळी तिने बांधली होती. ती काय मागत होती हे लहान मुलालाही कळलं असतं. मी मनात म्हणत होते, हो म्हणा, डॉक्टरबाई. एकदा तरी म्हणा. काय जातंय तुमचं? नरेशही त्यांच्याकडे आशेने बघत होता.

"नाही," बाई म्हणाल्या. "साप नव्हता. ऊन होतं."

भारती मटकन खाली बसली. मला बाईंचा संताप आला. इतका, की मी तिथून निघूनच जाणार होते. पण बाई स्टुलावरून उठल्या आणि तिच्याजवळ फरशीवर बसल्या, कोटासकट.

"तुमची चूक नव्हती असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही सावली बघून बांधलंत. नंतर बघायचं राहिलं. माझ्याकडनं पण एक गेलंय असंच. मी तर डॉक्टर. मला मालकानं तोंडानं विचारलं होतं, ऊन तर नसेल? मी नाही म्हटलं." आणि त्यांनी रॅम्बोची सगळी गोष्ट तिला सांगितली, घामाच्या थेंबासकट. गिऱ्हाइकाला त्यांनी ती सांगितल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते. भारती रडत होती, पण ऐकत होती. शेवटी तिने बाईंचाच हात धरला. तेव्हा मला माझ्या रागाची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दोरीवर नॅपकिन नव्हता. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नव्हता. शटर अर्धं वर असायचं आणि आत बाई सामान बांधत असायच्या. मी जेवायला बोलावलं तर वर यायच्या, जेवून लगेच खाली जायच्या. एकदाच म्हणाल्या, "टेबलावर आल्यावर ओळखून काय उपयोग? झाडाखाली ओळखायला पाहिजे." ह्यांनी त्या दिवशी त्यांना आग्रह करून वाढलं. नक्कल तर ह्यांनी कायमचीच सोडली.

मिरजेला निघायच्या आदल्या दिवशी नरेशचा टेम्पो आला. "बाय, चला," तो म्हणाला. "हिनं बोलावलाय. काय ते बघून जा म्हनते." बाईंनी मला बरोबर घेतलं. उन्हाची वेळ होती, म्हणून मी नको म्हणत होते, त्यांचा रक्तदाब आणि सगळं. पण त्या छत्री घेऊन पुढच्या सीटवर बसल्यासुद्धा.

होळीला पोचलो तर भारती आंब्याखाली उभी होती. बंड्याने खणलेला खड्डा तिने बुजवला नव्हता. आंब्याच्या बुंध्यापासून पलीकडच्या फणसापर्यंत, कमरेएवढ्या उंचीवर, जाड तार ताणून बांधली होती. तारेत एक लोखंडी कडी, कडीला साखळी आणि साखळीच्या टोकाला शेजाऱ्यांकडून आणलेलं एक काळं पिल्लू. ते आंब्याकडून फणसाच्या दिशेने चार पावलं धावलं तशी कडी तारेवरून खरखरत त्याच्यामागून गेली. दोन्ही झाडांशी पाण्याची एकेक मातीची थाळी पुरून ठेवली होती, उपडी होऊ नये म्हणून.

"व्यापारी आले की बांधावा तर लागतो, बाय," भारती म्हणाली. "पन आता सावली जाईल तिथं हा जाईल."

मला वाटलं, आता तरी या बाई हसतील, आता तरी शाबास म्हणतील. बाईंनी छत्री माझ्याकडे दिली. पिल्लाची साखळी सोडवून स्वतःच्या हातात घेतली, त्याचा ओठ वर करून हिरडी पाहिली आणि त्याला भारतीच्या कडेवर दिलं. मग पिल्लाएवढ्या उंचीवर साखळी धरायची म्हणून कमरेत वाकून त्या आंब्यापासून चालायला लागल्या. कडी त्यांच्यामागून खरखरत येत होती. तारेच्या मधोमध एके ठिकाणी गाठ होती. तिथे ती अडली.

"इथं अडकतंय," बाई म्हणाल्या. "आणि बघा, नेमकं इथं ऊन आहे."

"बाय, तुमी आधी सावलीत या," भारती म्हणाली.

बाईंना ते ऐकू गेलं नसावं. डोक्यावर रणरणतं ऊन, पांढरे केस घामाने कपाळाला चिकटलेले, आणि त्या वाकून साखळीला झटके देत होत्या. मी छत्री उघडून त्यांच्याकडे धावले, आणि धावताना भारतीच्या कडेवरून सुटलेलं ते पिल्लू माझ्या पायांत आलं तरी थांबले नाही. नरेशने आत जाऊन पक्कड आणली आणि गाठ दाबून चपटी केली. बाईंनी पुन्हा आंब्यापासून सुरुवात केली. या वेळी कडी न अडता फणसापर्यंत गेली. त्या तशाच वळल्या आणि परत आंब्याकडे निघाल्या.